वाळूउपशाच्या नदीतला गाळ: जड धातूंसाठी नमुना कसा घ्यावा आणि आकडा कसा वाचावा

भीमेच्या पात्रात जिथून नुकतीच वाळू उपसली आहे, तिथल्या खड्ड्यातला गाळ तपासला की तांबं, जस्त, निकेल यांचे आकडे वरच्या अंगाच्या गाळापेक्षा बहुतेक वेळा चढेच येतात. मग ‘उपशामुळे धातूंचं प्रदूषण वाढलं’ हे वाक्य प्रकल्पाच्या निष्कर्षात जाऊन बसतं. ते खरंही असू शकतं. पण त्या चढ्या आकड्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: बाहेरून खरोखर आलेला धातू, वाळू निघून गेल्यावर उरलेल्या बारीक गाळाचा परिणाम, आणि आपल्या काळ्या दगडात मुळातच असलेला धातू. या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढायच्या असतील तर नदीकाठी पहिली पिशवी उघडायच्या आधीच कामाची आखणी करावी लागते. ती चुकली तर नंतर कितीही महागडं मशीन वापरून उपयोग होत नाही.

पुढची पद्धत सोलापूर जिल्ह्यातल्या भीमा, सीना, माण या नद्या आणि उजनीचा फुगवटा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्यांना आणि पाण्यावर काम करणाऱ्या गटांना ती वापरता येईल. शेवटी कोकण-गोव्याच्या खाड्यांत हेच काम करताना काय बदलतं ते दिलं आहे. या विषयावरचा बराचसा अभ्यास खाड्यांमध्ये झालेला आहे आणि तिथले निष्कर्ष गोड्या पाण्याला सरळ चिकटवले जातात, म्हणून ते सांगणं गरजेचं वाटतं.

उपसा आणि गढूळपणा धातूंचं नेमकं काय करतात

वाळूच्या जाड कणाला धातू फारसे चिकटत नाहीत. चिकणमातीचे कण, त्यांच्यावरचे लोह-मँगनीजच्या ऑक्साइडचे पापुद्रे आणि कुजलेला सेंद्रिय भाग यांना ते धरून राहतात, आणि हे सगळं मुख्यतः 63 मायक्रॉनपेक्षा बारीक गाळात असतं. सक्शन पंप वाळू ठेवून घेतो आणि गढूळ पाणी परत नदीत सोडतो. काठावर वाळू धुतली तरी तेच होतं. मागे राहिलेल्या खड्ड्यात प्रवाह मंदावतो आणि तो बारीक गाळाने भरत जातो. अशा गाळाच्या एका किलोत धातू जास्त असतो, पण नदीत बाहेरून एक ग्रॅमही नवा आलेला नसतो.

दुसरा परिणाम रासायनिक आहे. तळाच्या चिखलाचा वरचा पातळ थर तपकिरी असतो आणि त्याखाली काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा थर लागतो. या काळ्या थरात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे कॅडमियम, जस्त, तांबं, शिसं हे सल्फाइडच्या रूपात अडकून राहतात. पंपाने किंवा जेसीबीच्या बकेटने तो ढवळला की हवा लागून सल्फाइड मोडतात आणि काही धातू पाण्यात सुटतात. त्याच वेळी गाळातून सुटलेलं विरघळलेलं लोह गंजून तपकिरी हायड्रॉक्साइड बनतं आणि काही मिनिटांत ते तासांत सुटलेल्या धातूंपैकी बराच भाग परत ओढून घेतं. म्हणून उपसा चालू असताना अर्ध्या तासाने घेतलेलं पाणी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेलं पाणी वेगवेगळी गोष्ट सांगतात. मँगनीजचं ऑक्सिडेशन मात्र सावकाश, कित्येक दिवस चालतं. त्यामुळे खालच्या अंगाला गाळलेल्या पाण्यात मँगनीज वाढलेलं दिसलं, तर वर कुठेतरी काळा थर ढवळला गेल्याची ती चांगली खूण आहे.

ठिकाणं आणि वेळ

कमीत कमी पाच ठिकाणं धरा: खड्ड्यापासून साधारण 2 किलोमीटर वर, प्रत्यक्ष खड्डा, आणि खाली 200 मीटर, 1 किलोमीटर, 3 किलोमीटर. वरचं ठिकाण निवडताना तिथे गावाचा नाला, साखर कारखान्याचा ओढा किंवा विसर्जनाचा घाट नाही हे पायी फिरून पाहा. मध्ये एखादा ओढा मिळत असेल तर त्याच्या तोंडाचा गाळही वेगळा घ्या, नाहीतर ओढ्याचा धातू उपशाच्या नावावर जमा होतो. काठच्या काळ्या मातीचाही एक नमुना घ्या. दरड कोसळून ती पात्रात येतच असते.

वेळेच्या बाबतीत भीमा फसवते. उजनीत पाणी येतं ते मुख्यतः पुण्याकडच्या घाटमाथ्यावरच्या पावसाचं, जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा सोलापुरात आकाश कोरडं असतानाही पंढरपुरात नदी गढूळ वाहू शकते. सोलापूरचा स्वतःचा मोठा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरात पडतो आणि तो सीना, माण आणि छोट्या ओढ्यांत आधी दिसतो. शिवाय आषाढी वारीसाठी किंवा सोलापूर शहराच्या पाण्यासाठी औज-टाकळी बंधाऱ्यापर्यंत उजनीतून पाणी सोडलं की पात्रातला गढूळपणा एकाएकी बदलतो. नमुन्याच्या आधीच्या आठवड्यात धरणातून किती पाणी सोडलं होतं याची नोंद ठेवा. ही एक ओळ नसेल तर गढूळपणाचा सगळा तक्ता निरुपयोगी ठरू शकतो.

गाळासाठी दोन फेऱ्या पुरतात: मे महिन्यात, पाणी कमी आणि उपसा जोरात असताना, आणि नोव्हेंबरात, पुराचा नवा थर बसल्यावर. प्रत्येक ठिकाणी 5 ते 10 मीटर अंतरावर तीन स्वतंत्र नमुने घ्या. तिन्ही एकत्र कालवून एकच केला तर त्या ठिकाणचा स्वतःचा चढउतार किती ते कळत नाही, आणि मग दोन ठिकाणांमधला फरक खरा की योगायोगाचा हे कसं ठरवणार?

सुरक्षेचंही आत्ताच सांगून ठेवावं लागतं. उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी जाईल एवढी खोली असू शकते, आणि कडेची वाळू पायाखालून सरकते. लाइफ जॅकेट, कमरेला दोर आणि काठावर तो दोर धरणारा माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. तहसील कार्यालयाला आधी लेखी कळवा आणि गावातल्या तलाठ्याला सोबत चलण्याची विनंती करा. जिथे उपसा चोरून चालतो तिथे एकट्याने जाऊ नका.

सामान

या कामात सर्वांत जास्त चुका भांड्यांमुळे होतात. स्टीलच्या चमच्यातून क्रोमियम आणि निकेल येतं, पितळी चाळणीतून तांबं आणि जस्त, पत्र्याच्या बादलीतून जस्त. पावडर लावलेल्या हातमोज्यांतूनही जस्त येतं. म्हणून प्लास्टिकचा चमचा, नायलॉनची 63 मायक्रॉनची चाळणी, पॉलिथिनच्या झिपच्या पिशव्या आणि पावडर नसलेले नायट्राइल मोजे घ्या. पाण्याच्या बाटल्या साबणाने धुऊन 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये 24 तास बुडवा, मग डिआयोनाइज्ड पाण्याने तीन वेळा विसळा.

तळाचा गाळ जबड्यासारखा पकडून उचलणाऱ्या साधनाला ग्रॅब म्हणतात. मऊ चिखलासाठी एकमन ग्रॅब, वाळू मिसळलेल्या तळासाठी व्हॅन व्हीन ग्रॅब वापरतात. कोअरसाठी, म्हणजे तळातून थरांसकट उभा काढलेल्या गाळाच्या नळकांड्यासाठी, 6-7 सेंटीमीटर व्यासाचा, 60-70 सेंटीमीटर लांबीचा पारदर्शक ॲक्रिलिक किंवा पीव्हीसी पाइप, वरच्या तोंडाला घट्ट बसणारं रबरी बूच, आणि गाळ खालून वर ढकलायला पाइपात नेमका मावणारा प्लास्टिकचा दट्ट्या पुरतो. बूच वरून दाबून बसवल्याशिवाय पाइप उपसायचा नाही, नाहीतर गाळ खालून गळून जातो.

गढूळपणा मोजताना

टर्बिडिटी मीटर, म्हणजे गढूळपणा मोजणारं यंत्र, रोज सकाळी फॉर्मॅझिन या ठरावीक गढूळपणाच्या द्रावणाच्या किमान तीन प्रमाणांवर, उदाहरणार्थ 20, 100 आणि 800 एनटीयू (गढूळपणाचं एकक), जुळवून घ्या. फॉर्मॅझिन घरी बनवण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात लागणारं हायड्राझिन सल्फेट कर्करोगकारक आहे. तयार द्रावण मिळतं. नमुन्याची कुपी पुसून, दोन-तीन वेळा हळू उलटीसुलटी करून, बुडबुडे गेले की लगेच आकडा घ्या. मिनिटभर थांबलात तर वाळूचे आणि पोयट्याचे कण तळाशी बसतात आणि आकडा घसरतो.

एनटीयू म्हणजे पाण्यात किती मिलिग्रॅम गाळ आहे ते नव्हे. तो फक्त प्रकाश किती विखुरला याचा आकडा आहे. काळ्या मातीचे बारीक कण थोडेसेच असले तरी एनटीयू खूप वाढवतात, वाळूचे जाड कण वजनाने भरपूर असूनही कमी. म्हणून प्रत्येक नदीसाठी स्वतःचा संबंध काढावा लागतो. स्वच्छ ते गढूळ असे 8-10 नमुने घ्या. प्रत्येकाचा एनटीयू मोजा, मग वजन केलेल्या ग्लास फायबर कागदावर ते गाळा. पावसाळ्यात 50 मिलि पुरतं, उन्हाळ्यात 250 मिलि लागतं. कागद 105 अंशांवर वाळवून 0.1 मिग्रॅपर्यंत तोलणाऱ्या काट्यावर वजन करा. वजनातली वाढ मिलिग्रॅममध्ये, गुणिले 1000, भागिले गाळलेलं पाणी मिलिलिटरमध्ये: हे मिग्रॅ/लिटरमध्ये तरंगत्या गाळाचं प्रमाण. दोन्ही आकड्यांचा आलेख काढा.

उजनीच्या फुगवट्यात आणखी एक अडचण येते. उन्हाळ्यात तिथलं पाणी शेवाळाने हिरवं होतं आणि मीटर त्यालाही गढूळपणाच म्हणतो. वजन झालेला तोच कागद 550 अंशांवर भट्टीत तापवून पुन्हा तोला. जे जळून गेलं त्यातला बहुतेक भाग सेंद्रिय, उरलेली माती. हा फरक न करता उजनीच्या पाण्यावरून उपशाबद्दल काही बोलणं धोक्याचं आहे.

गढूळ पाणी न गाळता धातूंसाठी तपासलं तर काय होतं ते एका हिशोबात दिसतं. पाण्यात 500 मिग्रॅ/लिटर गाळ आहे आणि त्या गाळात 120 मिग्रॅ/किलो तांबं आहे असं समजा. दोन्हींचा गुणाकार 0.06 मिग्रॅ/लिटर येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा 0.05 आहे. म्हणजे पाण्यात विरघळलेलं तांबं शून्य असलं तरी नुसत्या चिखलाने नमुना नापास होतो. म्हणून काठावरच अर्धं पाणी 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळा, दोन्ही भाग वेगळ्या बाटल्यांत भरा आणि शुद्ध नायट्रिक ॲसिडने पीएच 2 च्या खाली आणा. गाळायच्या आधी ॲसिड टाकलं तर कणांवरचा धातू सुटून पाण्यात येतो आणि विरघळलेला म्हणून मोजला जातो. ही चूक फार वेळा होते.

गाळ उचलणं

खालच्या अंगाकडून वर जा, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ पुढच्या ठिकाणी पोहोचत नाही. ग्रॅब वर आला की आधी त्यातलं पाणी हळूच उतू द्या. जोरात ओतलं तर सर्वांत बारीक, सर्वांत महत्त्वाचा थर पाण्याबरोबर निघून जातो. ग्रॅबच्या भिंतीला लागलेला गाळ सोडून मधला, वरचा 2-3 सेंटीमीटर भाग प्लास्टिकच्या चमच्याने घ्या. 300-400 ग्रॅम ओला गाळ पुरतो. शंख, काड्या, खडे तिथेच काढा. बोटीचं इंजिन बंद ठेवा आणि नमुना तिच्या वरच्या अंगाला घ्या. डिझेल आणि रंग दोन्हींत धातू असतात.

प्रत्येक पिशवीतली हवा दाबून काढा, तिला दुसऱ्या पिशवीत घाला आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. मे महिन्यात सोलापूरचा पारा 40 च्या पुढे असतो. पंढरपुराहून शहरापर्यंतच्या 70-72 किलोमीटरच्या प्रवासात बर्फ वितळून पाणी पिशवीत शिरतं आणि चिठ्ठ्या पुसल्या जातात. नाव पिशवीवर बाहेरून, आत प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने, आणि वहीत, असं तीनदा लिहा.

खड्ड्यापासून दूर, न ढवळलेल्या जागी किमान दोन कोअर घ्या आणि 2-2 सेंटीमीटरचे काप करा. 30 सेंटीमीटरखालचे काप आपल्या नदीचं मूळ, म्हणजे प्रदूषणाआधीचं, प्रमाण काढायला लागणार आहेत. पण कोअरमध्ये थर दिसत नसतील, सगळा गाळ एकरंगी कालवल्यासारखा असेल, तर ती जागा आधीच उपसलेली आहे. दुसरी जागा शोधा.

वाळवणं आणि चाळणं

गाळ 40-45 अंशांवर वाळवा. जास्त तापवलं तर पारा उडून जातो. 105 अंशांवर फक्त वेगळा काढलेला थोडा भाग, ओलावा मोजण्यापुरता. एक भाग ओला असतानाच 63 मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून डिआयोनाइज्ड पाण्याने धुऊन बारीक भागाचं वजनी प्रमाण काढा. आपल्या काळ्या मातीचे कण एकमेकांना घट्ट धरतात. 5 टक्के सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर भिजवल्याशिवाय ते सुटत नाहीत आणि चिकणमाती वाळूत मोजली जाते. पिपेट पद्धतीने 2 मायक्रॉनखालचा भाग काढणार असाल तर 20 अंशांवर 10 सेंटीमीटर खोलीवरून नमुना घ्यायला सुमारे 8 तास थांबावं लागतं. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं तेव्हा वेळ कमी लागतो, तो तापमानाप्रमाणे दुरुस्त करा.

चाळणीवर राहिलेली वाळू फेकू नका. पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवा. बसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, प्रदेशात काळे चमकदार मॅग्नेटाइटचे कण भराभर चिकटतात. त्यांच्यात लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम आणि काही प्रमाणात क्रोमियम असतं. ‘जाड भागात धातू नसतात’ हा नियम इथे लोह, व्हॅनेडियम आणि क्रोमियमला पुरता लागू पडत नाही. चुंबकाला लागलेल्या भागाचं वजन नोंदवा, पुढे लागेल.

ॲसिडमध्ये विरघळवणं

अगेटच्या खलात कुटलेला 0.5 ग्रॅम वाळलेला गाळ बीकरमध्ये घ्या. ॲसिडच्या आधी 1 मिलि पाण्याने ओला करा आणि नायट्रिक ॲसिडचे थेंब एकेक करून सोडा. आपल्या गाळात चुनखडीचे बारीक खडे भरपूर असतात. ॲसिड एकदम ओतलं की फेस उसळून बीकरबाहेर येतो आणि नमुना हातचा जातो. फेस थांबल्यावर मग 6 मिलि हायड्रोक्लोरिक आणि 2 मिलि नायट्रिक ॲसिड हे प्रमाण पुरं करा. या मिश्रणाला ॲक्वा रेजिया म्हणतात. घड्याळकाच झाकून रात्रभर धुराच्या कपाटात ठेवा, सकाळी 95 अंशांच्या आसपास 2 तास तापवा, थंड करा, गाळा आणि 50 मिलिपर्यंत पाणी घाला. बीकर कोरडं होऊ देऊ नका.

ॲक्वा रेजियाने सिलिकेटच्या जाळीतला धातू पूर्ण सुटत नाही, क्रोमियम तर बरंचसं मागे राहतं. त्यासाठी हायड्रोफ्लुओरिक ॲसिड लागतं, पण कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, टेफ्लॉनची भांडी आणि प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याला हात लावू नये. ॲक्वा रेजियावर काम करा, फक्त सगळे नमुने आणि मूळ प्रमाणाचे कापही त्याच पद्धतीने विरघळवा आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा.

दर दहा नमुन्यांमागे एक नुसतं ॲसिड, एक दुबार नमुना, आणि दर खेपेला एक प्रमाणित गाळ, म्हणजे ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा, लावा. नदीसाठी एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचा 8704, खाडीसाठी 1646ए चालतो. पण प्रमाणपत्रावरचा आकडा एकूण धातूचा असतो. ॲक्वा रेजियाने क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम त्याच्या बरंच खाली आलं तर घाबरायचं कारण नाही. तांबं आणि जस्त मात्र 80 ते 110 टक्क्यांत यायला हवं.

धातू किती सहज सुटेल हे पाहायचं तर बीसीआर या युरोपीय संदर्भ कार्यालयाची टप्प्याटप्प्याची पद्धत वापरतात. पहिल्या टप्प्यात 1 ग्रॅम गाळ 0.11 मोलर ॲसेटिक ॲसिडच्या 40 मिलिमध्ये 16 तास हलवायचा असतो. इथे चुनखडी पुन्हा आडवी येते. तेवढ्या ॲसिडला पुरतं संपवायला 0.22 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पुरतं. गाळात 20-22 टक्के चुनखडी असेल तर ॲसिड जवळजवळ सगळं तिच्यातच जातं आणि ‘सहज सुटणारा धातू नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. हलवून झाल्यावर पीएच मोजा. तो 5 च्या आसपास गेला असेल तर तो आकडा इतर ठिकाणांशी ताडून पाहू नका. आधी वेगळा कार्बोनेट मोजून घेतलेला बरा.

मशीनवर

ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर, म्हणजे ज्योतीत धातू किती प्रकाश शोषतो त्यावरून तो मोजणाऱ्या मशीनवर, तांबं 324.8, जस्त 213.9, निकेल 232.0, मँगनीज 279.5, लोह 248.3 नॅनोमीटरवर वाचतात. काळ्या मातीच्या गाळात 6 टक्के लोह असेल तर 50 मिलि द्रावणात ते 600 मिग्रॅ/लिटर होतं, म्हणून लोहासाठी 200 पट पातळ करून घ्या. कॅडमियमचं उलट आहे. गाळात 0.3 मिग्रॅ/किलो असेल तर द्रावणात फक्त 3 मायक्रोग्रॅम/लिटर उरतं आणि ज्योतीच्या मशीनवर तो आकडा विश्वासार्ह नसतो. ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस ही जास्त संवेदनशील यंत्रं मिळत नसतील तर कॅडमियम सोडून द्या. मशीनच्या मर्यादेच्या काठावरचा आकडा तक्त्यात छापला की पुढे तो कोणीतरी पुरावा म्हणून वापरतो.

हिशोब असा: मशीनचा आकडा मिग्रॅ/लिटरमध्ये, गुणिले द्रावणाचे मिलिलिटर, गुणिले पातळ केल्याची पट, भागिले गाळाचे ग्रॅम. 1.2 गुणिले 50 भागिले 0.5 म्हणजे 120 मिग्रॅ/किलो.

आकडा वाचणं

बहुतेक प्रकल्पांत मूळ प्रमाण म्हणून जगभरच्या सरासरी शेलचे, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचे, आकडे घेतात: तांबं 45, जस्त 95, निकेल 68, क्रोमियम 90, शिसं 20 मिग्रॅ/किलो. दख्खनच्या बसाल्टमध्ये तांबंच मुळात 100 मिग्रॅ/किलोच्या पुढे असणं नेहमीचं आहे. वरच्या 120 या आकड्याचं जिओ-ॲक्युम्युलेशन सूचक, म्हणजे मूळ प्रमाणाच्या तुलनेत धातू किती साचला ते सांगणारा आकडा, काढून पाहा. सूत्र आहे नमुन्याचा आकडा भागिले मूळ प्रमाणाच्या दीडपट, आणि त्याचा 2 या पायाचा लॉगॅरिथम. शेलचे 45 धरले तर उत्तर 0.83, म्हणजे प्रदूषणाची सुरुवात. आपल्याच कोअरच्या खोल कापात 100 आले असतील आणि ते धरले तर उत्तर उणे 0.32, म्हणजे प्रदूषण नाही. गाळ एकच, नदी एकच. कोअरसाठी पाण्यात घालवलेला अर्धा दिवस इथे भरून निघतो.

यानंतर बारीक गाळाचा परिणाम काढा. समजा वरच्या अंगाला तांबं 60, जस्त 50 आणि ॲल्युमिनियम 4 टक्के आहे. खड्ड्यात तांबं 120, जस्त 160 आणि ॲल्युमिनियम 8 टक्के. तांब्याला ॲल्युमिनियमने भागलं तर दोन्हीकडे 15 येतात. तांबं दुप्पट दिसलं ते निव्वळ चिकणमाती दुप्पट झाल्यामुळे. जस्ताचं मात्र वर 12.5 आणि खड्ड्यात 20, म्हणजे 1.6 पट. जस्तासाठी बाहेरचा स्रोत शोधायला हवा. अशा वेळी ओढ्याच्या तोंडाचा नमुना कामी येतो.

ॲल्युमिनियमऐवजी लोहाने भागण्याची सवय पुष्कळांना आहे. बसाल्टच्या नदीत ती टाळा. चुंबकाला चिकटलेली वाळू आठवा: उपशाने मॅग्नेटाइटची वाळू निघून गेली की लोह घटतं आणि भागाकार उगाच वाढतो.

गोड्या पाण्याच्या गाळासाठी जीवसृष्टीला बाधा संभवते अशी जी वरची मर्यादा वापरतात ती तांब्याला 149, जस्ताला 459, शिशाला 128, क्रोमियमला 111 आणि निकेलला 48.6 मिग्रॅ/किलो आहे. बसाल्टच्या गाळात निकेल किंवा क्रोमियम नैसर्गिकरीत्याच या रेषेच्या जवळ किंवा वर जाऊ शकतं. शिसं आणि जस्त वाढलेलं दिसलं तर त्याला जास्त वजन द्या; बसाल्टमध्ये शिसं मुळात फार कमी असतं, म्हणून ते माणसाच्या वावराची चांगली खूण आहे.

ढवळल्यावर खरंच काय सुटतं

हा प्रयोग सोपा आहे आणि उपशाच्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर देतो. हवा न लागू देता आणलेला ताजा ओला गाळ एक भाग आणि त्याच जागेचं नदीचं पाणी चार भाग, आकारमानाने, बाटलीत घ्या. 30 मिनिटं जोरात हलवा, तासभर बसू द्या, वरचं पाणी 0.45 मायक्रॉनमधून गाळून धातू मोजा. सोबत तीन बाटल्या हवा सोडत चालू ठेवा आणि 4, 24 आणि 72 तासांनी एकेक गाळा. जस्त सुरुवातीला वाढून उतरलं आणि मँगनीज टिकून राहिलं तर वर सांगितलेली साखळी तुमच्या डोळ्यांसमोर घडलेली असते. वाळवलेल्या गाळावर हा प्रयोग करू नका. वाळताना सल्फाइड आधीच मोडलेले असतात.

खाडीत जाताना

भीमेचा गाळ सावकाश कृष्णेत आणि मग धरणांच्या रांगेत अडकत जातो. समुद्राची भरती-ओहोटी त्याच्या वाट्याला सोलापुरापासून फार दूर येते. सावित्री, वाशिष्ठीसारख्या खाड्यांत किंवा गोव्याच्या मांडवी-जुवारीत ती रोज दोनदा येते. त्यामुळे तिथे प्रत्येक नमुन्याबरोबर क्षारता आणि भरतीची वेळ लिहिल्याशिवाय गढूळपणाचा आकडा वाचता येत नाही. सगळे नमुने भरतीच्या एकाच टप्प्यावर घ्या. गोडं पाणी खाऱ्याला भेटतं त्या पट्ट्यात, क्षारता दर हजारी 5 होईपर्यंत, विरघळल्यासारखं दिसणारं लोह गुठळ्या होऊन खाली बसतं आणि सोबत इतर धातू नेतं. कॅडमियम याच्या उलट वागतं: क्लोराइडशी संयुग करून कणावरून सुटतं आणि पाण्यात जातं. त्यामुळे तिथे ड्रेजरने ढवळलेल्या गाळाची वरची बाटलीतली चाचणी त्याच जागेच्या खाऱ्या पाण्यातच करायला हवी. हातपाटीने वाळू काढतात तिथे आणि सक्शन पंप चालतो तिथे वेगळे नमुने ठेवा. पंप कितीतरी खोलचा काळा थर उचलतो.

मांडवी-जुवारीत खाणीचा परिणाम वेगळ्या वाटेने येतो. लोहखनिजाचे बार्ज याच नद्यांतून मुरगाव बंदराकडे जात, आणि पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आडवा आला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून. खनिजाची धूळ, चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यांवरची सांड आणि खाणीच्या ढिगांवरून पावसाने वाहून आणलेली माती, यांनी लोह आणि मँगनीज थेट गाळात येतं. तिथे लोहाने भागणं म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा त्यानेच मोजणं. ॲल्युमिनियम वापरा, पण जांभ्याच्या प्रदेशात तेही मुळात जास्त असतं, म्हणून वरच्या अंगाच्या मातीचं स्थानिक गुणोत्तर आधी काढा. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथलं खाणकाम थांबलं, 2014 मध्ये मर्यादेसह परवानगी मिळाली आणि मार्च 2018 मध्ये ते पुन्हा बंद झालं. कोअरच्या वरच्या कापांत या खंडांच्या खुणा शोधता येतात, मात्र त्यासाठी 2 ऐवजी 1 सेंटीमीटरचे काप करा आणि बार्जच्या वाटेपासून बाजूची, नांगर न पडणारी जागा निवडा.

खाऱ्या गाळाच्या रंध्रांतलं मीठ वाळल्यावर गाळाच्या वजनात धरलं जातं. ओलावा आणि क्षारतेवरून ते वजा करा. मीठ काढण्यासाठी गाळ गोड्या पाण्याने धुऊ नका, सैल धरलेला धातू त्यासोबत जातो. आयसीपी-एमएसवर खाऱ्या पाण्यातलं सोडियम आर्गॉनशी जुळून 63 वस्तुमानाच्या तांब्यासारखं दिसतं, क्लोरीन-आर्गॉन 75 च्या आर्सेनिकसारखं. तांबं 65 वर वाचा आणि आर्सेनिकसाठी कोलिजन सेल, म्हणजे असे फसवे जोड मोडणारा मशीनचा भाग, चालू ठेवा.